खालची जागा कोरडी ठेवा भावांनो: धुणं, केस आणि खाज यावर सरळ बोलूया

आपल्याकडं पोरांना दंड-बैठका कोण ना कोण शिकवतंय, पण कमरेखालची जागा कशी धुवायची, कशी वाळवायची, तिथले केस काढायचे का ठेवायचे हे कुणीच सांगत नाय. बाप बोलत नाय, वस्ताद बोलत नाय, शाळेत सरांनी तो धडा घरी वाचा म्हणून सोडलेला. मग खाज सुटली की पोरगं मेडिकलसमोर जाऊन उभं राहतंय, दुकानातल्या बायका जाईपर्यंत फोन बघितल्यासारखं करतंय, मग हळूच "जांघेत खाजतंय, काहीतरी द्या" म्हणतंय आणि कागदात गुंडाळलेली एक ट्यूब खिशात घालून गाडीला किक मारतंय. त्या ट्यूबवर पुढं सविस्तर लिहिलंय, कारण निम्मं वाटोळं तिथंच होतंय. पण बाकी काय लक्षात राहिलं नाय तरी एवढं धरून ठेवा: धुणं साधं ठेवायचं आणि वाळवायला वेळ द्यायचा. बहुतेक लोक नेमकं उलटं करत्यात, साबण रगडून लावत्यात आणि ओल्या अंगावरच चड्डी चढवत्यात.

कोल्हापुरात याला जास्त जपायला लागतंय. जून ते सप्टेंबर पाऊस, दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस ओलेच. उन्हाळ्यात घामाच्या धारा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्रीत भट्टीसमोर आठ तास उभा राहणारा माणूस, ऊस तोडणारा, गुऱ्हाळावर चुलवणाला बसणारा, दिवसभर रेक्झिनच्या सीटवर गाडी मारणारा डिलिव्हरीवाला, तालमीत लंगोट कसून घाम गाळणारा पैलवान, या सगळ्यांच्या जांघेत दिवसभर ऊब आणि ओल असते. बुरशीला दुसरं काय लागतंय? गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा, ती बुरशीच. माणूस घाणेरडा आहे म्हणून होत नाय, रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होते, जागा ओली राहिली की झालं.

धुवायचं कसं

रोज एकदा कोमट किंवा साध्या पाण्यानं, घाम गाळायचं काम असेल तर घरी आल्यावर परत एकदा. जांघा, अंडाच्या पिशवीखालची जागा, दोन्ही कुल्ल्यांमधली फट इथं सौम्य साबण चालतो, हातानंच लावायचा, घासणी आणि दगड तिकडं न्यायचाच नाय. साबणाचा फेस राहिला तर तो वाळून खाज सुटते म्हणून पाणी भरपूर ओतायचं. कातडीचा स्वभाव थोडा आंबट असतो, पीएच साधारण साडेपाचच्या आसपास, आणि आपली नेहमीची साबणाची वडी नऊ-दहाची, म्हणून सारखा सारखा साबण लावला की कातडी कोरडी पडून भेगाळते आणि मग जंतूंना दार उघडं.

आता लिंगाचं. पुढची कातडी सहज मागं जाते तेवढीच मागं घ्यायची, आतल्या टोकाच्या कडेला जो पांढरा मळ साठतो तो साध्या पाण्यानं बोटानं हळू धुवायचा, तिथं साबण नको, नंतर टिपून कोरडं करायचं आणि कातडी परत पुढं आणायची. हे शेवटचं विसरायचं नाय. कातडी मागंच अडकून राहिली तर टोकाला सूज येते, सूज आली की ती अजून अडकते, आणि मग हातानं पुढं येत नसेल तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा, सकाळपर्यंत थांबायचं काम नाय. सुंता झालेल्यांना हा मळाचा त्रास नसतो, त्यांनी रोजच्या आंघोळीत धुतलं तरी पुरतंय.

लहान पोरांच्या बाबतीत एक हात जोडून विनंती आहे. बाळाची कातडी जन्मतः टोकाला चिकटलेली असते, ती वाढत्या वयात आपोआप सुटते, कुणाची चार वर्षांत तर कुणाची वयात येईपर्यंत. आजी किंवा मालिशवाली बाई सांगते म्हणून ती ओढून मागं सारायची नाय, त्यानं आत चीर पडते, त्याचा वण बनतो आणि पुढं खरीच घट्ट होऊन बसते. वरवर पाणी ओता, बास. लघवी करताना कातडी फुग्यासारखी फुगतेय आणि पोरगं रडतंय, किंवा सारखी लाल होतेय, तर डॉक्टरला दाखवायचं. मोठ्या माणसाची कातडी मागं जात नसेल तरी तेच, ओढाओढी नको. यावर डॉक्टरकडं मलमापासून छोट्या ऑपरेशनपर्यंत सगळे उपाय आहेत.

काय लावायचं नाय ते पण सांगतो. डेटॉल, सॅव्हलॉन पाण्यात घालून किंवा नुसतं, अजिबात नको, तिथली कातडी पातळ असते, भाजल्यासारखी सोलून निघते. लिंबू, खायचा सोडा, मीठ, टूथपेस्ट, डिओ, अत्तर, यातलं काहीच नको. बाजारात पुरुषांसाठी म्हणून खास इंटिमेट वॉश मिळायला लागलेत, पैसे असतील आणि वास नसलेला असेल तर जांघेला वापरा, पण पाण्यानं जे होतंय त्यापेक्षा वेगळं काय तो करत नाय असं माझं स्पष्ट मत आहे.

संडासनंतर पाण्यानं धुतो ते आपलं चांगलंच आहे, पण धुतल्यावर टिपत कोण नाय, आणि ती ओल दिवसभर आत राहते. खिशात एक जुना सुती रुमाल ठेवा त्यासाठी, रोज धुवायचा. लघवीनंतर दोन थेंब चड्डीत उतरतात ही चाळिशीनंतरच्या बऱ्याच जणांची तक्रार, लाजेखातर कुणी बोलत नाय. लघवी झाली की अंडाच्या पिशवीच्या मागं बोटांनी हलकं वर दाबत पुढं सरकवत आणायचं, नळीत अडकलेली लघवी बाहेर येते, मग टिपायचं. एवढ्यानं चड्डीचा वास बराच जातो.

वाळवणं, चड्डी आणि लंगोट

आंघोळीनंतर टॉवेल घासायचा नाय, टिपायचा. दोन्ही जांघा, पिशवी उचलून खालची बाजू, मागची फट. मग कमरेला काय न गुंडाळता दोन मिनिटं फॅनखाली उभं राहा, दार लावून. यापेक्षा स्वस्त औषध नाय. टॉवेल स्वतःचा वेगळा, घरात एकाला गजकर्ण असेल आणि एकच टॉवेल फिरत असेल तर सगळं घर खाजवत बसतंय, हे कितीतरी घरांत चाललंय.

पायाच्या बोटांत चिखल्या असतील तर त्याच बुरशीची चड्डीबरोबर वर जांघेपर्यंत वारी होते. म्हणून आधी मोजे घालायचे आणि मग चड्डी, आणि चिखल्यांवर पण सोबतच उपचार करायचा, नायतर जांघ बरी होते, पायातली बुरशी परत वर येते आणि माणूस म्हणतो औषध लागू पडत नाय.

चड्डी सुती, सैलसर, रोज बदलायची, पावसाळ्यात आणि भट्टीवरच्या कामाला दिवसात दोनदा. डबा नेता तशी एक जादा चड्डी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कामावर न्या, दुपारी बदला. टाइट जीन्स पावसात भिजली की ती जांघेला चिकटून दिवसभर वाळत नाय, त्या चार महिन्यांत पातळ कॉटनची पॅन्ट बरी. धुतलेली चड्डी उलटी करून उन्हात टाकायची, ऊन नसेल तर शिवणीवर, इलॅस्टिकच्या पट्टीवर गरम इस्त्री फिरवायची. दमट चड्डी इस्त्री करून लगेच घालायची नाय, हवेला पूर्ण वाळू द्यायची. रात्री झोपताना चड्डी काढून सैल लुंगी किंवा बर्म्युडा घातला तर जागेला हवा मिळते.

तालमीतल्या पोरांसाठी वेगळं लिहितोय कारण कोल्हापूर म्हणजे तालमी, गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, आणि पेठेपेठेतल्या छोट्या तालमी. जुलैत तालमीच्या खोलीत गेलं तर दोरीवर एका ओळीत लंगोट टांगलेले दिसत्यात, कालचा ओला, परवाचा अर्धा वाळलेला, काठाला लाल मातीचा थर आणि घामाची पांढरी रेघ. सकाळी पोरगं हात लावून बघतंय आणि त्यातल्या त्यात कमी ओला तो कसतंय. कातडीवर ओला लंगोट, त्यावर दोन तास रगडा, यातून नायटा होणारच. किमान तीन लंगोट लागत्यात पावसाळ्यात, रोज साबणानं धुऊन, पिळून, खोलीबाहेर वारा लागंल तिथं टांगायचे. मेहनत झाली की घामाच्या अंगानं गप्पा मारत बसायचं नाय, आधी माती धुवायची. दुसऱ्याचा लंगोट कसायचा नाय, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि अंगावर चकंदळ, म्हणजे गजकर्णाचा गोल चट्टा, दिसलं तर वस्तादांना सांगून बरं होईपर्यंत लढत थांबवायची, कारण कुस्तीत कातडीला कातडी घासते आणि एकाचं दहा जणांना जातंय. आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजनाआधी पैलवानाची कातडी डॉक्टर तपासतात ते यासाठीच. मॅटवर सराव असेल तर मॅट रोज पुसायला लागतंय.

पावडरचं सांगायचं तर कोरड्या अंगावर थोडी भुरभुरली तर ठीक, पण घामावर थापली की तिचे गोळे होतात आणि तेच गोळे जांघेत घासत राहतात. पावडर वाळवण्याच्या जागी वापरायची वस्तू नाय.

पुराच्या पाण्यात उतरणाऱ्यांना पण हेच लागू. २०१९ आणि २०२१ ला कितीतरी पोरं दिवसच्या दिवस कमरेएवढ्या पाण्यात माणसं काढत होती, त्यानंतर पायात आणि जांघेत सालं निघालेले गडी बघितलेत. तशी वेळ आली की बाहेर आल्या आल्या स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडं कापड, मग चहा.

केस: काढायचे का

काढायलाच पाहिजेत असं काही नाय. तिथले केस जांघेची घासाघीस कमी करत्यात, आणि ते आहेत म्हणून माणूस अस्वच्छ ठरत नाय. पण लांब वाढलेल्या केसांत घाम आणि वास अडकतो, म्हणून बारीक ठेवले की धुणं आणि वाळवणं सोपं जातंय. आपल्या मुस्लिम भावांत चाळीस दिवसांच्या आत काखेतले आणि खालचे केस काढायची रीतच आहे. ज्याची त्याची पसंती, बायकोच्या किंवा मित्राच्या मोबाईलमधल्या व्हिडिओच्या दबावानं कुणी कातडी सोलून घेऊ नये एवढंच.

माझ्या मते ट्रिमर सगळ्यात बरा. केस कोरडे असताना, आंघोळीच्या आधी, खाली पेपर टाकून. तीन ते सहा मिलिमीटरचा गार्ड लावायचा आणि वरच्या भागापासून सुरुवात करायची. पिशवीची कातडी सैल आणि सुरकुतलेली असते, एका हातानं ती ताणून सपाट करायची आणि गार्ड लावूनच हळू फिरवायचं, बिनगार्डचं पातं तिथं कातडीची घडी पकडतंय आणि रक्त थांबता थांबत नाय. घाईत, ड्युटीला उशीर होत असताना हे काम काढायचं नाय. दाढीचा आणि खालचा ट्रिमर वेगळा ठेवा, निदान पातं तरी. वापरल्यावर ब्रशनं झाडून स्पिरिटनं पुसायचं.

रेझर मारायचाच असेल तर आधी ट्रिम, मग कोमट पाण्यानं पाच मिनिटं केस मऊ होऊ द्यायचे, बिनवासाचं जेल, नवं ब्लेड, केस ज्या दिशेला वाढलेत त्याच दिशेला, दाबायचं नाय आणि त्याच जागेवर परत परत फिरवायचं नाय. उलट्या दिशेनं गुळगुळीत होतंय खरं, पण केस कातडीच्या आत वळून वाढतात आणि चार दिवसांनी लाल पुटकुळ्या, टोकाला पू. नंतर गार पाणी, टिपणं, साधं मॉइश्चरायझर, सैल चड्डी, त्या दिवशी सायकल आणि पळणं बंद. आफ्टरशेव्ह आणि तुरटी गालापुरती ठेवा. पुटकुळी आली तर फोडायची नाय, गरम पाण्याचा कपडा शेकायचा आणि ती बसेपर्यंत रेझर बाजूला. मोठी होऊन ठणकायला लागली, ताप आला, तर डॉक्टर. शुगर असलेल्यांनी रेझर हातातच धरू नये, छोटी जखम पण त्यांना महागात पडते, ट्रिमर आहे की.

आणि रेझर कुणाबरोबर वाटून वापरायचा नाय. हॉस्टेलच्या रूमवर एक रेझर चौघांत फिरतो, त्याच्या पात्याला लागलेल्या रक्तातून कावीळ बी आणि सी, एचआयव्हीसुद्धा जाऊ शकतो.

केस घालवायची क्रीम पिशवीवर आणि लिंगावर लावायचीच नाय, बऱ्याच कंपन्या पाकिटावर तसं स्वतः लिहितात, ते बारीक अक्षरातलं वाचा. वरच्या भागाला लावायची तर आदल्या दिवशी थोडीशी लावून चोवीस तास वाट बघा. वॅक्सचा नाद सोडा.

काखेचं लवकर सांगतो. वास घामाचा नसतो, घामावर जंतू वाढतात त्यांचा असतो. केस बारीक ठेवा, साबण लावा, वाळवा, आणि जास्तच घाम असेल तर अँटीपर्स्पिरंट रात्री कोरड्या काखेला लावून झोपा, सकाळी घाईत ओल्या काखेवर मारलेल्या स्प्रेपेक्षा ते जास्त टिकतंय. छाती, पाठ ज्याची त्यानं ठरवावं.

खाज आणि ती ट्यूब

जांघेत गोल चट्टा, कड लाल आणि उचललेली, मध्ये जरा बरं दिसतंय, कडेनं पसरत चाललंय, ही गजकर्णाची खूण. यात पिशवी शक्यतो वाचते. पिशवीसकट सगळं लालभडक आणि ओलं असेल तर वेगळी बुरशी असू शकते. रात्री झोपेत खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात पण आहे, घरातल्या इतरांना पण आहे, पिशवीवर बारीक गाठी, तर खरूज बघायला लागेल आणि औषध सगळ्या घरानं एकाच दिवशी लावायला लागतंय.

मेडिकलमधून मिळते ती ट्यूब बऱ्याचदा तीन औषधांचं मिश्रण असते, त्यात बुरशीचं औषध थोडं आणि स्टेरॉईड जोरदार. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं नाव दिसलं की समजायचं. दोन दिवसांत खाज गायब होते, माणूस खूश, ट्यूब बंद, आठवड्यात परत दुप्पट. स्टेरॉईड कातडीची प्रतिकारशक्ती झोपवतंय आणि बुरशी आत पसरत राहते, चट्ट्याचा आकार बदलतो, डॉक्टरला पण ओळखायला अवघड जातंय. महिनोन् महिने लावलं तर जांघेत लांब पांढरट चिरा पडतात, त्या आयुष्यभर जात नायत. २०१८ ला केंद्र सरकारनं अशी बरीच स्टेरॉईडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नायत, तरी मिळतात. तुम्ही घेऊ नका. आता आपल्या देशात नेहमीच्या औषधांना दाद न देणारी बुरशी पण पसरलीय, त्यामुळं अंदाजपंचे औषध अजूनच नको.

डॉक्टरनं मलम दिलं की चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन बोटं रुंद चांगल्या कातडीवर पण लावायचं, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढं पोचलेली असते. चट्टा गेला म्हणून थांबवायचं नाय, सांगितलेला कोर्स पुरा करायचा, कितीही आठवडे असो. त्या दिवसांत चड्ड्या, टॉवेल, चादर गरम पाण्यात.

टोकाला लाली, कातडीला बारीक चिरा, दह्यासारखं पांढरं, आणि बरं होऊन परत परत होतंय, तर मलमाबरोबर रक्तातली साखर तपासायची. कितीतरी जणांना शुगर आहे हे पहिल्यांदा यातूनच कळतंय. शुगरच्या ज्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, त्यांच्यामुळं पण असं होऊ शकतंय, गोळी आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरला सांगायचं आणि रोज पाण्यानं धुऊन कोरडं ठेवायचं.

उगाच घाबरायचं नाय अशा गोष्टी: टोकाच्या कडेला एका ओळीत मोत्यासारखे बारीक दाणे, पिशवीवर पिवळसर बारीक ठिपके, एक अंड दुसऱ्यापेक्षा खाली. हे सगळं नॉर्मल. घाबरून लगेच जायच्या गोष्टी: अंडात अचानक जोरात कळ आणि उलटी, त्यात अंड पिळवटलेलं असू शकतंय आणि सहा तासांच्या आत सोडवलं तरच ते वाचायची चांगली आशा असते. न दुखणारी कडक गाठ, ती आंघोळीत दोन्ही अंडं बोटांत हळू फिरवून महिन्यातून एकदा बघावी, तरुण पोरांनी तर नक्कीच. जखम, फोड, लघवीच्या वाटेनं पू, तर जोडीदारासकट तपासणी, दोघांचा उपचार एकदम. संबंधांआधी आणि नंतर धुणं चांगलंच, पण त्यानं लैंगिक आजार टळत नायत, त्यासाठी निरोधच.

कुठं जायचं? त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ अशी पाटी असते, त्यातला दुसरा शब्द वाचून पोरं जिन्यातून परत फिरत्यात. तोच डॉक्टर हवाय आपल्याला, केसगळती आणि पिंपल्सवाले पण तिथंच बसलेले असत्यात, तुम्ही कशासाठी आलाय हे कुणाला कळत नाय. खर्चाचा प्रश्न असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात त्वचारोगाची ओपीडी आहे. सरकारी दवाखान्यांतली सुरक्षा क्लिनिक लैंगिक आजारांसाठीच असतात, आणि एचआयव्हीबद्दल काय विचारायचं असेल तर १०९७ ला फोन करा, फुकट आहे. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या शर्तिया इलाजवाल्या तंबूत पाऊल टाकायचं नाय.

आत गेल्यावर "जरा प्रॉब्लेम आहे" म्हणून गप्प बसू नका. जांघेत, पिशवीवर, पुढच्या कातडीखाली, जिथं असेल ती जागा सरळ सांगा, किती दिवस झाले ते सांगा, घरात अजून कुणाला आहे का ते सांगा, आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, संपलेल्या असल्या तरी, पिशवीत घालून सोबत घेऊन जा.